सुपारीएवढी हेमा

हेमा, तुझं नाक मला जमत नाहीये.

बाकीचं थोडंफार जमतं. हनुवटी येते, कपाळ येतं, कान तर काय, कोणाचेही चालतात असं तूच म्हणायचीस. पण नाक बसवलं की समोर भलतीच बाई उभी राहते. परवा केलं तर हुबेहूब आपल्या सोसायटीच्या चेअरमनबाई. काल केलं ते तर कोणाचंच नव्हतं. अंगठ्याने दाबून टाकलं, मेणाचा पुन्हा गोळा केला आणि चहा टाकला. तुझं ते गुलाबी मेण माझ्या हाताच्या घामाने मळून गेलंय. नवीन कुठे मिळतं मला माहीत नाही, तुला विचारायचं राहिलं. असं काय काय विचारायचं राहिलंय ते आता रोज एकेक करून समजतंय.

डोकी तू करायचीस आणि हेल्मेटं मी. आपलं ठरलेलंच होतं. मी कधी तुझ्या डोक्यांना हात लावला नाही, तू कधी माझी कात्री उचलली नाहीस. आता तू गेलीस, अजून महिनासुद्धा झाला नाही, आणि मी डोकं करायला बसलेय, तेही तुझं. न बसून सांगते कोणाला? तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलायच्या आत मला तो हातात यायला हवाय. मला वाटत होतं, तुझा चेहरा मला पाठ आहे. मेण हातात घेतलं तेव्हा कळलं, पाठबीठ काही नाही. तुझी डावी भुवई वर होती की उजवी, तेही मला सांगता येत नाही. इतकी वर्षं समोर बसत होतीस बाई, मी बघत काय होते?

फोटो आहेत, नाही कशाला म्हणू. तुझ्या हॉलमध्ये हार घातलेला एक आहे, त्यात तू भाच्याच्या लग्नातली आहेस, नथ घालून, फोटोसाठी हसतेयस. तशी तू कधी हसायची नाहीस. फोटो बघून केलेलं डोकं फोटोसारखं होतं, हे तुझंच म्हणणं. माणूस आठवून करावं, जे आठवत नाही ते आपोआप गळतं आणि उरतं ते त्या माणसाचं. ऐकायला छान वाटायचं तेव्हा. आता करून बघते तर सगळंच गळतंय.

तुझ्याकडे भेटायला आले त्या दिवशी तुझी नणंद दारातच होती. "आपण कोण?" म्हणाली. मी म्हटलं, समोरच्या बिल्डिंगमधली रेखा. "अच्छा, शेजारीण," म्हणाली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? पन्नाशी उलटलेल्या दोन बायका रोज दुपारी एका डायनिंग टेबलावर बसून वितीएवढ्या बाहुल्यांना डोकी बसवतात आणि त्या डोक्यांवरून काढता येतील अशी हेल्मेटं करतात, असं सुतकाच्या घरात सांगायचं? मैत्रिणीला रडायचा नंबर नातेवाइकांच्या मागे लागतो, आणि माझा तर नंबरच लावलेला नव्हता. सतरंजीच्या कडेला थोडा वेळ बसले, नणंदेचं गुडघेदुखीचं ऐकून घेतलं आणि घरी आले. घरी येऊन मात्र भोकाड पसरलं. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून चांगलं मनसोक्त.

बाहुल्या म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. "फिगर म्हण गं. ॲक्शन फिगर." बरं बाई, फिगर.

पहिली फिगर आठवते ना? माझा अमेय नोकरीसाठी परदेशी गेला आणि मी त्याची खोली आवरायला काढली. पलंगाखाली त्याच्या लहानपणच्या त्या सैनिकांचा आणि अंतराळवीरांचा खोका निघाला. अर्ध्यांची डोकी त्या कार्ट्याने तेव्हाच उपटून टाकलेली. खोका भंगारवाल्याला द्यायला मी गेटपाशी उभी होते आणि तू लॅबमधून येत होतीस, गंगापूर रोडच्या त्या दातांच्या लॅबमधून, जिथे बसून तू निम्म्या नाशिकच्या कवळ्या केल्यास. तोवर आपलं नातं म्हणजे गेटवरचं, पाणी आलं का, गॅस आला का. तू खोक्यात डोकावलीस आणि एक उचललास.

"अगं, याला डोकं नाहीये."

"माहितीये. म्हणून तर भंगारात चाललाय."

"बाकी सगळं धड आहे की. गुडघे बघ कसे वाकतात!"

"मग घरी ने आणि वाकवत बस."

तू खरंच घेऊन गेलीस. काही दिवसांनी दारात हजर, हातात तो सैनिक, आणि त्याच्या मानेवर सुपारीएवढं गुलाबी डोकं. कवळीच्या हिरड्या ज्या मसाल्याच्या करतात त्याच मसाल्याचं. मी म्हटलं, हा भाजलाय का? तर म्हणालीस, रंग द्यायचाय अजून, आधी ओळख. मी खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि मला हसू आवरेना. आपला वॉचमन! तोच जाडा ओठ, तीच अर्धवट झोपेतली पापणी. अंतराळात लढायला निघालेला आपला वॉचमन.

"याच्या डोक्यावर काहीतरी घाल बाई," मी म्हटलं, "असा बरा नाही दिसत."

"तू घाल. जन्मभर ब्लाउज शिवलेस, तुला एक टोपी येत नाही?"

अशी ठिणगी टाकून तू निघून गेलीस. तुला माहीत होतं मी गप्प बसणार नाही. मी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, त्याचं प्लास्टिक कापलं, सांडशीत धरून गॅसवर मऊ केलं आणि वॉचमनच्या डोक्यावर दाबलं. पहिल्यांदा जळलं. दुसऱ्यांदा फाटलं. मग डोक्याला पातळ फॉइल गुंडाळून, वर टाल्कम पावडर लावून केलं तेव्हा कुठे नीट बसलं. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाची काच केली, तिला नेलपॉलिशचा एक हात दिला, आणि पडू नये म्हणून सगळं फेविक्विकने घट्ट चिकटवून टाकलं. तुला दाखवलं, तर तू असं बघितलंस जसं काही मी वॉचमनला जिवंत पुरलंय.

"चिकटवलंस?"

"मग? पडेल ना."

"काढता आलं पाहिजे गं. नाहीतर आत माणूस आहे हे कळणार कोणाला?"

"कळवायचंय कोणाला?"

"आपल्याला," तू म्हणालीस.

एवढ्यावर आपलं सगळं सुरू झालं. तू हळूहळू लॅब अर्ध्या दिवसावर आणलीस, मी ब्लाउज घेणं कमी केलं. चार वाजले की तुझी चप्पल जिन्यात वाजायची. माझ्या शोकेसमध्ये आता बघ, ओळीने उभे आहेत सगळे. कोणी शर्यतीचा मोटारसायकलवाला, कोणी अंतराळवीर, कोणी अग्निशमनवाला. येणारे म्हणतात, अमेयची खेळणी जपून ठेवलीत हं. आणि आत? आत पेपरवाला, दूधवाला, पार्लरवाली, तुझे लॅबमधले साहेब, माझी चुलत जाऊ. चेअरमनबाई मेंटेनन्सचं सांगायला आल्या तो दिवस मी विसरणार नाही. बरोबर स्वतःकडेच पाठ करून बसल्या. मागे त्यांचं डोकं हेल्मेट घालून उभं, पुढे त्या पार्किंगवरून तावातावाने बोलतायत, आणि तू बशीत बिस्किटं लावत "हो ना, हो ना" करतेयस. मला तोंडाला पदर लावून आत पळावं लागलं. त्यांना वाटलं मला ठसका लागलाय.

आपली भांडणं मात्र रोज. ती लोकांना काय कळणार? डोकं अंगाच्या मापात बरोबर केलं तर वरून हेल्मेट मटक्याएवढं होतं. हेल्मेट मापात ठेवायचं तर आतलं डोकं लहान करावं लागतं, आणि मग हेल्मेट काढल्यावर मानेवर लिंबू ठेवल्यासारखं दिसतं. मी म्हणायचे, आधी हेल्मेट करू, मग त्यात मावेल तेवढं डोकं कर. तू म्हणायचीस, माणसाचं डोकं काय हेल्मेटच्या मापाने असतं का? मी म्हणायचे, मग श्रीखंडाचा डबा काय तुझ्या डोक्याच्या मापाने ताणतो का? तू तोंड फुगवून घरी जायचीस. दोन दिवस चार वाजता जिना शांत. मग तिसऱ्या दिवशी काही न झाल्यासारखी यायचीस आणि डोकं टेबलावर ठेवायचीस, केसभर घासून लहान केलेलं. मीही काही न झाल्यासारखं प्लास्टिक थोडं जास्त पातळ ताणायचे. माफीबिफी आपल्यात कधी झाली नाही. इतकी घासाघीस करून कोणी कोणाची माफी मागतं का?

पण हे शेवटचं तसं मिटलं नाही, हेमा. आणि तिथेच माझा जीव अडकलाय. तेच सांगायला बसलेय खरं तर.

सीताबाईचं डोकं. सुरगाण्याकडची आपली सीताबाई, कोपऱ्यावर करवंदं घेऊन बसते ती, एरवी नागलीचं पीठ आणि पापड. तू तिचं डोकं केलंस, सगळ्यांत चांगलं केलंस, हे आज कबूल करते. तिच्या गालावरचं गोंदण सुईच्या टोकाने काढलंस. मी तिला लाल हेल्मेट केलं. तू हौसेने तिला दाखवायला घेऊन गेलीस, आणि तिने हेल्मेट काढून, फिरवून, मागून पुढून बघितलं.

"लय भारी केलंय बाय," म्हणाली, "पन माझा अंबाडा कुठं गेला? अंबाड्याबिगर मी बाहेर नाय पडत."

झालं. तू तशीच उलटपावली माझ्याकडे. अंबाडा पाहिजे. मी म्हटलं, अंबाड्यावर हेल्मेट बसणार नाही. तू म्हणालीस, मग हेल्मेटला मागे फुगा काढ. मी म्हटलं, प्लास्टिक तिथे फाटतं, मी सांगते तुला, करून बघितल्यासारखं सांगते. तू म्हणालीस, करून बघितल्यासारखं नको सांगू, करून बघ. मी म्हटलं, अगं खेळण्यातल्या हेल्मेटसाठी इतकं कोण बघतंय? तू म्हणालीस, ती बघतेय ना! तिचा अंबाडा कापून तिला माझ्या शोकेसमध्ये उभी करायची का? माझ्या शोकेसमध्ये, म्हणालीस. शोकेस माझं आहे, मी म्हटलं. डोकं माझं आहे, तू म्हटलंस. मग ठेव तुझं डोकं तुझ्याकडे, मी म्हटलं, नाही करत मी हेल्मेट, जा.

तू सीताबाईचं डोकं रुमालात गुंडाळलंस, पर्समध्ये टाकलंस आणि गेलीस. लाल हेल्मेट टेबलावर राहिलं.

दोन दिवस तू आली नाहीस. ते नेहमीचंच होतं. तिसऱ्या दिवशीही आली नाहीस. मी गॅलरीत जाऊन बघितलं, तू तुझ्या गॅलरीत कपडे काढत होतीस, आणि मला खात्री आहे की तू मला बघितलंस. मी आत आले. मला वाटलं, इतकं काय ते, येईल. रविवारी पहाटे तुझे मिलिंदराव तुला घेऊन दवाखान्यात गेले. तू म्हणे आदल्या संध्याकाळपासून पित्त समजून सोडा पीत बसली होतीस. हृदय होतं ते. मला वॉचमनने सांगितलं, त्याच आपल्या वॉचमनने. मी हातात चहाचं गाळणं घेऊन उभी होते, ते तसंच घेऊन खाली गेले.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. तू रागावून गेलीस का? एवढंच मला कोणीतरी सांगावं. तू कुठल्या तोंडाने गेलीस, म्हणजे अक्षरशः, तुझं तोंड कसं होतं माझा विचार करताना. लोक म्हणतील, मरताना बाईला खेळण्याचं हेल्मेट आठवतंय होय! पण तू आठवणारी होतीस. म्हणून मी तुझं डोकं करत बसलेय. मला वाटतं, चेहरा नीट आला की तो मला सांगेल. वेडेपणा आहे, माहितीये. आणि हो, एक सांगून ठेवते. अंबाड्यापाशी प्लास्टिक फाटतंच. तू गेलीस म्हणून माझं चुकीचं ठरत नाही.

चार वाजता मला घरात थांबवत नाही हल्ली. इंदिरानगरात मी इतकी कधी फिरले नव्हते. पिशवी घेऊन निघते, काहीच न घेता परत येते. सीताबाईने परवा हाक मारली, "दुसऱ्या बाई कुठं गेल्या?" मी सांगितलं. तिने करवंदांचा द्रोण माझ्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली. मी तिथेच तिच्याशेजारी दगडावर टेकले. तिलाच एकटीला कळलं असं वाटलं मला, त्या दिवशी. घरी आल्यावर समोर बघितलं तर मिलिंदराव शर्ट वाळत घालत होते, चिमटे न लावता. वाऱ्याने एक खाली पडला. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचलं नाही. तुझ्यामार्फतच बोलायचो आम्ही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेली वाक्यं म्हणजे "आहे का ती?" आणि "येऊ द्या सावकाश". आपल्या फिगरांना ते "तुमची मुंडकी" म्हणायचे आणि पेपर वर करायचे.

इथवर तुला सांगून झालं होतं, आणि मग ते आले, हेमा.

तुमच्याकडे चूल बंद होती तेव्हा मी पिठलं-भात पाठवला होता, तो डबा परत द्यायला. रिकामा डबा देऊ नये म्हणून आत मूठभर शेंगदाणे घालून आणला होता. तू शिकवलेलं असणार, त्यांना कुठलं सुचायला. मी तेव्हा टेबलावरच होते. त्या दिवशी सगळंच बिनसलं होतं. नाक पुन्हा फसलं होतं, आणि ते सारखं करताना अंगठा निसटून ओठ आत दाबले गेले होते. मी ते मोडायलाच घेतलं होतं, एवढ्यात बेल वाजली. म्हणून ते पोळपाटावर तसंच राहिलं.

"बसा," मी म्हटलं. ते बसले, आणि नेमके तुझ्या खुर्चीत. मला उठा म्हणावंसं वाटलं. मग म्हटलं, जाऊ दे, त्यांचाही हक्क आहे. पाणी आणायला आत गेले, परत आले तर त्यांनी ते डोकं हातात घेतलेलं. इतक्या वर्षांत एकाही मुंडक्याला हात न लावलेला माणूस! खिशातून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि बघत राहिले.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही जमलेलं ते," मी म्हटलं, "मोडणार होते. द्या इकडे."

"मोडू नका." त्यांनी हात मागे घेतला. "हीच ती."

मला रागच आला. काहीतरी बरं वाटावं म्हणून म्हणतायत असं वाटलं. "हीच कुठली? हेमा अशी कधी दिसायची? ओठ बघा, कसे आत गेलेत. मी रोज बघत होते तिला."

"तुम्ही नसेल बघितली अशी," ते म्हणाले. "ही घरातली आहे. तुमच्याशी भांडून आली की अशी दिसायची."

मी ग्लास खाली ठेवला.

"चप्पल काढायची आणि अशी बसायची, ओठ दातांखाली धरून. मी विचारायचो, झालं का आजचं? तर हाताने गप्प करायची मला. म्हणायची, आत्ता बोलायला लावू नका, हसू येईल. दोन दिवस तरी राग टिकला पाहिजे, नाहीतर ती ऐकत नाही."

"आणि शेवटी?" मी विचारलं. "शेवटी, त्या अंबाड्यावरून गेली तेव्हा?"

"तेव्हा जरा जास्त," ते म्हणाले, आणि तुझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही. "या वेळी आठवडा धरायचा म्हणाली. काम अवघड आहे, रेखाला वेळ दिला पाहिजे. नाही म्हणाली म्हणजे तिच्या डोक्यात सुरू झालंय. सोमवारी जाते, म्हणाली."

सोमवारी! अगं बये, सोमवारी! आणि मी इथे गॅलरीतून बघतेय, कुढतेय, तुझ्या नावाने बोटं मोडतेय, आणि तू तिकडे ओठ दाबून हसू आवरतेयस. इतकी वर्षं तू प्रत्येक भांडणानंतर घरी जाऊन हसायचीस? आणि मी इकडे झोपेशिवाय तळमळायचे, की जास्तच बोलले का? तू समोर असतीस ना, तर खरंच एक ठेवून दिली असती. मी रडले मग. मिलिंदरावांसमोर रडले, लाज वगैरे सोडून. ते बिचारे उठून स्वयंपाकघरात गेले आणि मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात मला.

जाताना ते दारात थांबले. डोकं अजून हातात होतं.

"हे मी नेऊ का?"

हेमा, मी नाही म्हटलं.

मला चांगलं वागता आलं असतं. नवरा आहे तुझा, सगळ्यांत आधी त्यांचंच. पण नाही निघालं तोंडातून. मी म्हटलं, "तुमच्याकडे तिचं कपाट आहे, साड्या आहेत, बरणीत तिच्या हातचं लोणचं आहे. तुमच्याकडे भेटायला लोक येतात. मला कोणी भेटायला येत नाही. माझ्याकडे एवढंच आहे."

ते रागावले नाहीत. परत आत आले, डोकं पोळपाटावर ठेवलं, मान वर करून, लवंडणार नाही असं. मग म्हणाले, "लॅबमध्ये देऊन पक्कं तरी करून घेऊ या का? तिचे लोक करून देतील." तेही मी नको म्हटलं. पक्कं करायचं तर प्लास्टरच्या साच्यात घालून आतलं मेण उकळून काढून टाकतात आणि त्या पोकळीत मसाला भरतात, तू दाखवलं होतंस मला एकदा. साचा बिघडला तर मसालाही गेला आणि मेणही गेलं. चेअरमनबाईंचं तसं गेलं होतं, तू दुसऱ्यांदा केलंस. मला दुसऱ्यांदा येणार नाही. हेही मी मुद्दाम केलेलं नाही, अंगठा निसटला म्हणून झालंय. त्यांना ते पटलं, किंवा पटलं असं त्यांनी दाखवलं.

"मग बघायला येत जाऊ का?" त्यांनी विचारलं. पायात चप्पल घालत, खाली बघत विचारलं.

या म्हटलं.

येतात आता. चार वाजता नाही, थोडं उशिरा येतात, वेळ मुद्दाम चुकवतात असं वाटतं. आम्हाला बोलायला तुझ्याशिवाय विषय नाही आणि तुझ्याबद्दल दोघांनाही बोलता येत नाही, म्हणून बहुतेक गप्पच असतो. ऊन फार वाढलंय, मेण बाहेर टिकत नाही, म्हणून तुला फ्रिजमध्ये ठेवलीय, अंड्यांच्या खणात. ते आले की काढते. ते चष्मा पुसतात, तुला तळहातावर घेतात आणि बघतात. मग मला देतात, मी बघते. पंख्याखाली थोडा वेळ जातो, तुझ्या नाकाला घाम आल्यासारखी चकाकी येते, ओठांची कड मऊ पडायला लागते. मला ते दिसत असतं, पण मी काही बोलत नाही, कारण एवढ्यात त्यांनी उठावं असं मला वाटत नाही. शेवटी तेच घाईघाईने उठतात, आणि म्हणतात, "ठेवा आता, ठेवा तिला."